जुनी औषधं गटारात जाऊ नयेत म्हणून घरात काय काय करायचं (खास बडोदेकरांसाठी)

दिवाळीची साफसफाई निघाली की औषधांचा डबा पण उघडतो, आणि दांडिया बाजारच्या वाड्यापासून अलकापुरीच्या फ्लॅटपर्यंत सगळीकडे तेच होतं, एक्स्पायर सिरप बेसिनमध्ये आणि गोळ्या कमोडमध्ये. प्लीज हे करू नका. ते पाणी सांडपाणी साफ करणाऱ्या सुएज प्लँटला जातं आणि तिथे साफ होतं हे खरंय, पण प्लँट बांधलाय मैल्यासाठी, औषधांसाठी नाही. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन यांना तिथले बॅक्टेरिया बऱ्यापैकी संपवतात, पण फिट येणाऱ्यांना देतात ती कार्बामाझेपिन जवळजवळ तशीच पुढे जाते, आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक्स, अँटिबॅक्टेरियल साबणातलं ट्रायक्लोसॅन, डिटर्जंट-परफ्यूममधले कृत्रिम कस्तुरीचे वास, हे सगळं गाळाला म्हणजे स्लजला चिकटून बसतं. आणि हाच गाळ सुकवून शेतात खत म्हणून जातो.

आपल्या गाजरावाडीच्या सुएज प्लँटमध्ये तर भाभा अणुसंशोधन केंद्राने 1990 च्या दशकातच कोबाल्ट-60 च्या गॅमा किरणांनी स्लज निर्जंतुक करायची सोय उभी केली, देशात पहिल्यांदा असं काम आपल्या गावात झालं याचा मला फार अभिमान आहे. पण ती सोय जंतू मारण्यासाठी आहे, औषधं आणि जड धातू काढण्यासाठी नाही. म्हणून जे काही अडवायचं ते घरातच.

आधी डबा रिकामा करा आणि गोळ्यांचे ढीग पाडा. ज्याची तारीख शिल्लक आहे आणि पूर्ण स्ट्रिप अख्खी आहे ती बिल घेऊन केमिस्टकडे न्या, पुष्कळ जण परत घेतात. बाकीचं असं करा, लोणच्याची किंवा हॉर्लिक्सची जुनी प्लास्टिक बरणी घ्या, गोळ्या स्ट्रिपमधून काढून तिच्यात टाका, सिरप असेल तर तेही ओता, वरून वापरलेला चहाचा चोथा किंवा लाकडाचा भुसा घाला म्हणजे ओल शोषली जाते आणि कोणाला त्यातली गोळी वेचून घ्यावीशी वाटत नाही. झाकण लावून टेप मारा, वर मोठ्या अक्षरात "जुनी औषधं" लिहा. ही बरणी ओल्या कचऱ्यात अजिबात नको, त्याचं खत होतं. घनकचरा नियमांत एक्स्पायर औषधं वेगळ्या द्यायच्या कचऱ्यात मोडतात, ट्यूबलाइटसारखी, म्हणून गाडीवाल्या दादांना वेगळी हातात द्या आणि काय आहे ते सांगा. रिकाम्या स्ट्रिप्स कात्रीने कापूनच टाका. इन्सुलिनच्या सुया जाड बाटलीत, इन्हेलर भोसकायचा नाही की जाळायचा नाही.

एक अपवाद मात्र नीट लक्षात ठेवा. घरात कॅन्सरचा पेशंट असेल तर मॉर्फीन, फेंटानिलचा पॅच, ट्रॅमाडॉल अशी जालीम वेदनाशामक औषधं उरतात. केंद्र सरकारच्या औषध नियंत्रकांनी 2025 मध्ये अशा 17 औषधांची यादी दिलीय, डायझेपाम पण त्यात आहे, ही उरली तर फ्लश करा असंच ते सांगतात, कारण लहान मुलाच्या हाती एक डोस लागला तरी जीव जाऊ शकतो. इथे गटाराचा विचार नंतर.

आता दुखण्याचं जेल. आजी गुडघ्याला डायक्लोफेनॅक चोळतात आणि उठून लगेच नळाखाली हात धुतात, रक्तापर्यंत त्यातलं साधारण 6 टक्केच पोचतं, हातावरचं सगळं मोरीत. चोळून झालं की आधी कागदाने किंवा जुन्या फडक्याने हात नीट पुसा, तो कागद सुक्या कचऱ्यात, मग हात धुवा. आणि जेल आंघोळीच्या आधी नाही, नंतर लावा. एवढ्याशा सवयीने फार फरक पडतो. डायक्लोफेनॅक काय करू शकतं ते गिधाडांनी दाखवलंय, ते दिलेल्या गुरांचं मांस खाऊन किडन्या जाऊन मेली, म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं.

साबण घेताना मागे ट्रायक्लोसॅन किंवा ट्रायक्लोकार्बन लिहिलंय का बघा, असेल तर दुसरा घ्या, साध्या साबणाने हात तेवढेच स्वच्छ होतात, अमेरिकेने 2016 मध्ये हात धुवायच्या साबणांत हे दोन्ही बंदच केले. अँटिबायोटिक डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच आणायचं, तेवढं पूर्ण घ्यायचं, उरवायचं नाही. आणि हो, लघवीवाटे जे जातं ते जाणारच, त्या भीतीने चालू औषध कोणी बंद करू नका.

कोणाच्या शेतात किंवा सोसायटीच्या बागेत स्लजचं खत येत असेल तर ते झाडांना, फुलांना, लॉनला घाला, मेथी-पालक, मुळा, गाजर यांना नको. कार्बामाझेपिन मुळांतून वर चढून पानात साठतं. प्रमाण फार बारीक असतं, घाबरून जाण्यासारखं नाही, पण पालेभाजीला शेणखत मिळत असताना हे कशाला. आणि आपल्या केमिस्टला, गणपती मंडळाच्या मीटिंगमध्ये, विचारून बघा की जुन्या औषधांसाठी एक कुलूपबंद पेटी ठेवता येईल का, केरळमध्ये सरकारनेच अशी गोळा करायची योजना सुरू केलीय, पेटी भरल्यावर ती बायोमेडिकल कचरावाल्यांकडे द्यायची सोय आधी पक्की करा.