कल्ट व्हॅम्पायर विनोदपटाची मालिका करताय? या चुका टाळा

2014 साली न्यूझीलंडमधून ‘व्हॉट वी डू इन द शॅडोज’ आला तेव्हा त्याचा खर्च जेमतेम 16 लाख अमेरिकी डॉलर होता. वेलिंग्टनमधल्या एका घरात चार व्हॅम्पायर एकत्र राहतात, भांडी कुणी घासायची यावरून भांडतात, आणि डॉक्युमेंटरीवाले कॅमेरा घेऊन त्यांच्या मागे फिरतात. एवढीच गोष्ट. तायका वायतीती आणि जेमेन क्लेमेंट या जोडीने ती लिहिली, दिग्दर्शित केली आणि त्यात कामंही केली. मार्च 2019 मध्ये अमेरिकेत एफएक्स वाहिनीवर तिची मालिका सुरू झाली आणि सहा पर्वं, 61 भाग करून डिसेंबर 2024 मध्ये संपली.

कल्ट सिनेमाची, म्हणजे मोजक्या पण वेड्या चाहत्यांनी डोक्यावर घेतलेल्या सिनेमाची, मालिका करायला जाणाऱ्यांचं बहुधा हसं होतं, आणि ते त्यांना हवं असतं तसलं नसतं. इथे तसं झालं नाही, कारण करणाऱ्यांनी सिनेमातून घर आणि घरातली कुरबुर तेवढी उचलली. माणसं नवी आणली, विनोद नव्याने लिहिले. बहुतेक चुका नेमक्या याच्या उलट केल्यामुळे होतात.

तीच पात्रं, फक्त चेहरे वेगळे

सिनेमा गाजला की निर्मात्याचा पहिला प्रश्न ‘तेच कलाकार मिळतील का?’ असतो. नाही मिळाले की त्याच नावांवर दुसरे नट उभे केले जातात आणि प्रेक्षक पहिल्या भागापासून तुलना करत बसतो. सिनेमातल्या विआगो, व्लादिस्लाव आणि डीकन या व्हॅम्पायरांना मालिकेने वेलिंग्टनमध्येच सोडलं. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर नँडोर, लॅझलो आणि नाज्या असं दुसरंच बिऱ्हाड मांडलं. जग तेच, नियम तेच, घर दुसरं. त्यामुळे जुन्या चाहत्याचं काही हिरावलं गेलं नाही आणि ज्याने सिनेमा पाहिलाच नाही त्याचं काही अडलंही नाही.

जुन्या मंडळींना बोलवायचंच असेल तर घाई करू नका. पहिल्या पर्वाच्या सातव्या भागात व्हॅम्पायरांची न्यायसभा भरते आणि तिथे मूळ तिघं सभासद म्हणून येतात. शेजारी टिल्डा स्विंटन, डॅनी ट्रेहो अशी पडद्यावर आधी व्हॅम्पायर झालेली मंडळी बसलेली. हाच प्रसंग पहिल्या भागात ठेवला असता तर नव्या बिऱ्हाडाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं.

सिनेमा ताणणं

ही सगळ्यात मोठी चूक. साधा हिशेब करा. सिनेमा दीड तासाच्याही आतला. पहिलं पर्व दहा भागांचं, प्रत्येक भाग साधारण वीस-पंचवीस मिनिटांचा. सिनेमातलं सगळं सामान जसंच्या तसं वापरलं तरी चौथ्या भागात कोठार रिकामं. मग लेखक काय करतात? एखादा खलनायक आणतात, शाप आणतात, जगबुडी आणतात. भांड्यांवरून चाललेली मजा जगबुडीत वाहून जाते.

मालिकेला रोज उठून हवीशी वाटणारी आणि रोज हातची निसटणारी एक गोष्ट लागते. ती शोधायला सिनेमाबाहेर जावं लागत नाही, फक्त कोपऱ्यात बघावं लागतं. सिनेमात जॅकी नावाची एक बाई आहे. नवरा, मुलंबाळं, संसार सगळं आहे, पण तिला व्हॅम्पायरकडून चावून घेऊन अमर व्हायचंय. म्हणून ती डीकनचे कपडे, साफसफाई, रक्ताचे डाग, वर त्याच्यासाठी माणसं पटवून आणणं, हे सगळं निमूटपणे करते. डीकनकडून चावा घेण्याचं आश्वासन मिळतं, चावा मिळत नाही. सिनेमात तिच्या वाट्याला मोजकेच प्रसंग आहेत.

मालिकेने ही कोपऱ्यातली जागा उचलून मधोमध आणली आणि तिथे गियेर्मोला बसवलं. पहिला भाग सुरू होतो तेव्हा नँडोरची चाकरी करत त्याने दहा वर्षं काढली आहेत. नँडोर शवपेटीतून उठताना हात द्यायचा, प्रेतं पुरायची, पडद्यांच्या फटी बुजवायच्या, आणि बढतीची वाट बघायची. खासगी कंपनीत ‘पुढच्या वर्षी बघू’ ऐकलेल्या प्रत्येकाला हा पोरगा आपला वाटतो. मग पहिल्या पर्वाच्या शेवटी डीएनए चाचणीतून कळतं की हा तर व्हॅम्पायर मारणाऱ्या वॅन हेल्सिंगच्या वंशातला. ज्यांची सेवा करायची त्यांनाच मारण्याचं कसब रक्तात! एका ओळीत पुढच्या कित्येक भागांची सोय झाली, आणि जगबुडी लागली नाही.

तुमची मालिका चौथ्या-पाचव्या भागाला धापा टाकत असेल तर नवीन राक्षस शोधण्याआधी एवढंच तपासा: या घरात कुणाला काय हवंय, आणि ते त्याला कोण देत नाहीये? उत्तर एका वाक्यात येत नसेल तर दुखणं तिथे आहे.

नियम सोयीप्रमाणे वाकवणं

व्हॅम्पायर विनोदाची गंमत नियम पाळण्यात असते. सिनेमात ही मंडळी नटूनथटून रात्री शहरात निघतात आणि क्लबच्या दारात अडकतात, कारण कुणी ‘आत या’ म्हटल्याशिवाय त्यांना कुठेही शिरता येत नाही. दारावरचा पहिलवान काही आमंत्रण देत नाही. आरशात प्रतिबिंब दिसत नाही, म्हणून कपडे कसे दिसतात हे ते एकमेकांना चित्रं काढून दाखवतात. हे विनोद सुचलेत ते जुना नियम मुकाट्याने शेवटपर्यंत पाळल्यामुळे. घाईतला लेखक ‘यावेळी चालतंय’ म्हणून त्यांना आत सोडतो आणि हातातला प्रसंग घालवतो.

नवा नियम आणूच नये असं नाही, पण त्याने दार उघडलं पाहिजे. मालिकेतल्या घरातला कॉलिन रॉबिन्सन पाहा. तो रक्त पीत नाही, माणसांचा उत्साह पितो. स्वेटर घालून ऑफिसला जातो, सहकाऱ्यांना रटाळ बोलून गळपटवतो आणि स्वतः टवटवीत होतो. (असा एक इसम आपल्या प्रत्येकाच्या ऑफिसात आहे, नाव घेण्याची गरज नाही.) याचा व्यवहारी फायदाही बघा. बाकी सगळी पात्रं उन्हात जळून खाक होणारी, म्हणजे कथा कायम रात्रीच. कॉलिनला उन्हाचं वावडं नाही, त्यामुळे दिवस मिळाला, ऑफिस मिळालं, बैठका मिळाल्या.

कॅमेरा कोणाच्या हातात आहे हे विसरणं

डॉक्युमेंटरीचं सोंग घेतलं की ते शेवटपर्यंत वठवावं लागतं. सिनेमा सुरू होतानाच पाटी येते की चित्रीकरण करणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात क्रूस आहे आणि व्हॅम्पायरांनी त्यांना अभय दिलंय. ‘मग कॅमेरावाल्याला का खात नाहीत?’ या शंकेचा निकाल तिथेच लागला. तुम्ही उत्तर दिलं नाहीत तर प्रेक्षक ती शंका डोक्यात घेऊन बसतो. तसंच, जिथे कुणी उभं राहूच शकत नाही अशा जागेवरून दृश्य घेतलं की सोंग उघडं पडतं. मालिकेने तर याच सोंगातून शेवट काढला: अखेरच्या भागात चित्रीकरणवाले सांगतात की आम्हाला पुरेसं मिळालं, आम्ही निघतो. व्हॅम्पायरांना त्याचं काहीच वाटत नाही. पोटात खड्डा पडतो तो एकट्या गियेर्मोच्या.

राक्षसाचीच थट्टा

इथे दुसरं उदाहरण घ्यावं लागेल. ‘बफी द व्हॅम्पायर स्लेअर’ हा व्हॅम्पायर मारणाऱ्या शाळकरी मुलीचा 1992 चा सिनेमा. पटकथा जॉस व्हेडनची, दिग्दर्शन फ्रान रुबेल कुझुई यांचं. पडद्यावर तो लिहिला होता त्यापेक्षा हलकाफुलका झाला, आणि व्हॅम्पायरच हास्यास्पद दिसले की नायिकेच्या पराक्रमालाही काही वजन उरत नाही. व्हेडनने 1997 मध्ये तीच कल्पना मालिकेत आणली तेव्हा भीती खरी ठेवली आणि विनोद पोरांच्या तोंडी दिला. सात पर्वं, 144 भाग झाले. मजा म्हणजे मालिकेने सिनेमाचा धागा जसाच्या तसा पुढे नेलाच नाही. बफीने जुन्या शाळेची व्यायामशाळा जाळली असा उल्लेख मालिकेत येतो. सिनेमात ती जळत नाही, मूळ पटकथेत जळते. सिनेमात काय चुकलं हे ठाऊक असेल तर ते निस्तरत बसू नका, सरळ बाजूला ठेवा.

सगळं पुन्हा जागच्या जागी

ही चूक मात्र ‘शॅडोज’नेही केली, असं माझं मत. तिसऱ्या पर्वाच्या शेवटी घर पांगतं, वाटतं आता काहीतरी बदलणार. चौथं पर्व वर्षभरानंतर उघडतं आणि सगळे पुन्हा त्याच घरात. गियेर्मोला अखेर चावा मिळतो, पण त्याच्या अंगातल्या वॅन हेल्सिंगच्या रक्तामुळे बदल पुरा होत नाही आणि पाचवं पर्व संपता संपता तो परत माणूस होतो. विनोदी मालिकेला मूळ जागी यावं लागतं हे मान्य. पण आपण उगाच जीव टांगणीला लावला, असं प्रेक्षकाला दोनदा वाटलं की तिसऱ्यांदा तो लावत नाही.

नायकांकडेच बघत राहणं

सिनेमात एक प्रसंग आहे. आरडाओरडा ऐकून दोन पोलीस घरात येतात. विआगो त्यांना संमोहित करतो. ते घरभर फिरतात, भलभलतं बघतात आणि त्यांच्या नजरेत भरतं ते एवढंच की घरात धुराचा इशारा देणारा अलार्म नाही! ते बिघाडाची नोंद घेतल्यासारखे ठोकळ्या चेहऱ्याने सूचना देतात आणि निघून जातात. कॅरन ओलिअरी आणि माइक मिनोग या दोघांच्या त्या भूमिका. 2018 मध्ये याच दोघांना घेऊन न्यूझीलंडमध्ये ‘वेलिंग्टन पॅरानॉर्मल’ निघाली आणि चार पर्वं चालली. भुतंखेतं, पछाडलेली घरं, आणि त्यांची तक्रार नोंदवून घेणारे दोन थंड डोक्याचे पोलीस. हक्क विकत घेण्याआधी सिनेमा पुन्हा लावाल तेव्हा दोन-दोन मिनिटांसाठी येऊन जाणाऱ्यांची वेगळी यादी करा. मालिका कदाचित त्यांच्यातल्या कुणाची तरी असेल.