एफवायच्या बक्षिसांसाठी माहितीपुस्तिका उलटी वाचा

एफवायला, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाला, प्रवेश झाला की कॉलेजची माहितीपुस्तिका मागून घ्या आणि मागून वाचायला लागा. पुढे संस्थापकांचे फोटो असतात; बक्षिसं शेवटी, बारीक टायपात. मी पुण्यातल्या एका कॉलेजात शिष्यवृत्तीची खिडकी सांभाळते. ही यादी वाचून खिडकीशी आलेलं पोर क्वचितच दिसतं.

कुणीतरी आईच्या स्मरणार्थ ठेव ठेवलेली असते, तिच्या व्याजातून दरवर्षी पारितोषिक निघतं. अटी देणगीदाराच्या मनातल्या: संस्कृतात पहिली येणारी मुलगी, नाहीतर गणितात पहिला आणि वसतिगृहात राहणारा. रक्कम कधी कधी वडापावाच्या पार्टीपुरतीच. तरी सोडू नका. पुढे अर्जात ‘गणितात कॉलेजात पहिली’ असं लिहिता येतं, तेव्हा किती रुपये मिळाले हे कुणी विचारत नाही. बहुतेक ठिकाणी सगळे विषय एका दमात सुटलेले लागतात. एखादा विषय राहून एटीकेटी असली की नाव कटलं.

मोठ्या रकमा बारावीच्या गुणांवर मिळतात आणि त्यांचा अर्ज पहिल्याच वर्षी करायचा असतो. बोर्डात वरच्या १ टक्क्यात असाल आणि मूलभूत विज्ञान शिकत असाल, तर केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती: वर्षाला ८०,००० रुपये, त्यातले २०,००० संशोधन प्रकल्पाचे. इंजिनिअरिंगला ती नाही. तिथल्या मुलींनी एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची, ‘प्रगती’ शिष्यवृत्ती पाहावी, वर्षाला ५०,००० रुपये, घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत.

केंद्राची आणखी एक शिष्यवृत्ती आहे, सेंट्रल सेक्टर स्कॉलरशिप, ती आर्ट्स-कॉमर्सलाही चालते. पदवीला वर्षाला १२,००० रुपये, उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत, बारावीला ८० पर्सेंटाइलच्या वर. पर्सेंटाइल म्हणतेय, टक्के नव्हे! बोर्डात तुमच्या शाखेतल्या शंभरातल्या ऐंशी जणांच्या पुढे असलात की झालं. ‘मला ८० टक्के नाहीत’ म्हणून पात्र मुलं अर्जच करत नाहीत, याचा मला फार राग येतो. मात्र ही घेतली की दुसरी शिष्यवृत्ती किंवा फीमाफी घेता येत नाही. त्यामुळे महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर तुम्हाला काय मिळतंय ते आधी पाहा, मग ठरवा.

कागदांत अडकतं ते नाव. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि बँकेत वडिलांचं नाव गायब. हे जूनमध्येच सरळ करा आणि खातं आधारशी जोडलंय का, ते बँकेत जाऊन विचारा. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचाच लागतो, वडिलांच्या साहेबांचं पत्र चालत नाही.

गुण बेताचे असतील तर आविष्कारकडे वळा. राज्यातल्या विद्यापीठांची ही संशोधन स्पर्धा. आधी विद्यापीठात निवड, मग राज्य पातळी. मुठेच्या पाण्याचे नमुने तपासून पोस्टर करता येतं. पहिल्या वर्षाला कोण विचारणार, असं म्हणू नका. पदवीचा गट वेगळा असतो. विभागातल्या ज्या सरांना किंवा मॅडमना प्रयोगशाळेत उशिरापर्यंत थांबायची सवय आहे, त्यांना गाठा.

आणि बक्षीस समारंभात चेक मिळाला तर तीन महिन्यांच्या आत बँकेत भरा. फोटो काढून कपाटात ठेवलेले चेक बदलून देताना अकाउंट्सवाले फार वैतागतात.