नाशकात पाकट घेताना आणि साफ करताना

नाशकात पाकट (चपटा, लांब शेपटीचा समुद्री मासा, इंग्रजीत स्टिंगरे) समुद्रावरून बर्फात येतं, म्हणून आधी वास घ्या. खाऱ्या पाण्यात टिकण्यासाठी हा मासा अंगात युरिया साठवतो. मेल्यावर जिवाणू त्याचा अमोनिया करतात. मुतारीसारखा दर्प आला तर भाव कितीही पाडला तरी घेऊ नका. तो दर्प मसाल्यानं झाकला जात नाही.

मग उलटं करून बघा. पोट पांढरं आणि कल्ल्यांच्या पाच-पाच फटी लालसर हव्यात. वरच्या अंगाला डोळ्यांमागे दोन भोकं असतात. वाळूत-चिखलात पुरून बसलेलं पाकट तिथून पाणी ओढतं. तोंड खाली असल्यानं तोंडातून ओढलं तर गाळच आत जाईल.

शेपटीवरचा करवती काटा बाजारातच तोडून घ्या. मासा मेला तरी काट्यातलं विष राहतं. टोचलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात (४५ अंशांपुढे नको) हात बुडवून डॉक्टर गाठा.

घरी अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात धरा, कातडी सुरीनं खरवडा. तुकड्यांना मीठ आणि चिंचेचा कोळ लावून २० मिनिटं ठेवा, धुवा. हाडं नसतातच, लहान पाकटाची कूर्चा शिजल्यावर कुरकुरीत लागते, टाकू नका.