डंपर अडवण्याआधी

खारेपाटात खाडीचं खारं पाणी शेताबाहेर ठेवणाऱ्या बांधावरून भरावाचे डंपर सुरू झाले की पोरांच्या हातात पहिला दगड येतो. काच फुटली की गुन्हा तुमच्यावर, आणि बांध कुणी खचवला हे विचारायला कुणी उरत नाही. तेव्हा काकाचं जरा ऐका.

आधी कागद. खचलेला बांध, उघाडीची म्हणजे बांधातून पाणी सोडायच्या वाटेची दारं, सगळ्याचे तारखेसह फोटो काढा. ग्रामसभेचा ठराव घ्या. मागणी एकच: बांधावरून भरलेला डंपर जाणार नाही. त्यात गटारं आणि सरपंचाचा राजीनामा घुसडू नका. तहसीलला निवेदन दिलंत की आपल्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय जिना उतरायचा नाही.

मग बघा, ठेकेदाराचं आपल्यावाचून कुठं अडतं. आपल्या अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात कुळांनी 1933 साली खोतांच्या जमिनी कसायचंच सोडलं. शेतकऱ्यांचे पुढारी नारायण नागू पाटील पुढे होते. पीकच नाही तर खोत वाटा कशाचा मागणार? पण कुळाच्या मडक्यात तरी भात कुठला! लाकूडफाटा विकून, मिळेल ती मजुरी करून माणसांनी 1939 पर्यंत कळ काढली. म्हणून गावात यादी करा: कुणाचा ट्रॅक्टर तिथं भाड्यानं आहे, मजुरांचे डबे कोण देतं, ठेकेदाराचं सामान कुणाच्या जागेत पडलंय. हे सगळं बंद करायचं, पण ट्रॅक्टरचा हप्ता गाव कसा भरणार ते ठरल्यावरच. वर्गणी आधी, घोषणा मागून.

धरणं धरून बसायच्या आधी पोलीस ठाण्याला लेखी कळवा, जमावबंदी लागू आहे का विचारा. असेल आणि तरी बसायचंच असेल, तर अटक होणार हे घरी सांगून या. रुग्णवाहिका, शाळेची रिक्षा अडवायची नाही. चालकाला शिवी नको, तोही रोजावरच आलाय. आणि बायकांना पुढं बसवून आपण मागून ओरडायचं, ही आपली खोड मला मुळीच पसंत नाही.

मार पडला तरी हात उचलू नका. महाडला 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचं पाणी प्याल्यावर लोकांवर हल्ले झाले. बाबासाहेबांनी चिडलेल्या माणसांना आवरलं. पुढं हल्लेखोरांपैकी काहींना शिक्षा झाल्या. तळ्याचा निकाल मात्र हायकोर्टातून यायला 1937 उजाडलं. तेव्हा त्याच दिवशी सरकारी दवाखान्यातून जखमांचा कागद घ्या, साक्षीदारांची नावं लिहून ठेवा.

बोलणीला एकट्यानं जाऊ नका, तिघं तरी जा. साहेब चहा पाजतील, "बघतो" म्हणतील. लेखी पत्र सहीशिक्क्यासह हातात येईपर्यंत मांडवाचा एक बांबूही काढायचा नाही.