कथिलाचा एकच स्फटिक वाढवायचा तर भट्टी अशी लावा

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये डिप्लोमाची मुलं शिकायला येतात, त्यांच्या हातात मी आधी कथिलच देतो. ते २३२ अंशांना वितळतं, काचेच्या नळीत मावतं आणि सिलिकॉनच्या मोठ्या भट्टीतलं उष्णतेचं गणित त्यातच नीट कळतं.

बोरोसिलिकेट नळीचं खालचं टोक बर्नरवर ओढून निमुळतं करून बंद करा. गोठायला सुरुवात होताना तिथे बरेच कण, म्हणजे वेगवेगळ्या दिशांचे छोटे स्फटिक, तयार होतात, पण त्या चिंचोळ्या जागेतून बहुधा एकच वर निघतो. भट्टीचा वरचा भाग २८० अंशांवर, खालचा १८० वर ठेवा. कथिल वरच्या भागात वितळवायचं आणि मोटरने नळी हळूहळू खालच्या भागात उतरवायची, म्हणजे ते टोकापासून वर गोठत जातं. दोहोंच्या मधे सिरॅमिक वूलची (उष्णता अडवणाऱ्या तंतूंची) जाड चकती, आणि तिचं भोक नळी जेमतेम सरकेल एवढंच. सगळ्यात जास्त वेळ या चकतीवर घालवा. उष्णता फक्त खालीच गेली पाहिजे. बाजूने निसटली की भिंतीलगतचं कथिल आधी गोठतं, घन-द्रव सीमा मधे खोलगट होते आणि भिंतीवर जन्मलेले नवे कण आत शिरतात. सीमा सपाट हवी, किंवा मधे किंचित वर फुगलेली.

ती बघायचीच. नळी अर्धी उतरली की मोटर थांबवा, चिमट्याने नळी वरच्या गरम भागातून बाहेर काढा आणि लगेच उलटी करा. उरलेला रस सांडतो आणि सीमेचा आकार तसाच दिसतो. गॉगल, हातमोजे हवेतच. रस झेलायचं भांडं आधी तापवून कोरडं करा; पावसाळ्यात इथे सगळंच दमट असतं आणि ओलाव्यावर पडलेला धातू अंगावर उडतो.

नळी तासाला ५ मिमीने उतरवा. घाई केलीत तर सीमेपुढे अशुद्धी साचते आणि सपाट सीमेला फांद्या फुटतात. शिवाय गोठताना सुटणारी उष्णताही बाहेर जायला हवी. कथिलात ती ग्रॅमला सुमारे ६० ज्यूल, सिलिकॉनमध्ये सुमारे १८००! तीही आधी गोठलेल्या थरातूनच खाली जाणार, आणि वितळबिंदूजवळ घन सिलिकॉन द्रवापेक्षा खूपच कमी उष्णता वाहून नेतं. म्हणून सिलिकॉनची लादी जसजशी उंच होते तसतसा खालचा थंडावा वाढवत न्यावा लागतो. एकदा सेटिंग लावून घरी जाणं तिथे चालतच नाही. लोखंडासारखी अशुद्धी बहुतेक द्रवातच राहून शेवटी माथ्यावर जमते, त्यामुळे लादीचा माथा कापून टाकतात.

भट्टीवर पंख्याचा झोत येऊ देऊ नका. कंट्रोलर, मोटर आणि हीटर तिन्हींना बॅकअप द्या. लाईट मधेच गेली तर सीमा उसळी मारून वर जाते आणि तिथपासून नवे कण सुरू होतात.

गार झाल्यावर काच फोडून कांडी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फेरिक क्लोराईडच्या द्रावणात बुडवा, धुवा, दिव्याखाली हळूहळू फिरवा. एकच स्फटिक असेल तर चमक अख्ख्या कांडीवर एकदम येते आणि एकदम जाते. पट्टे वेगवेगळ्या वेळी चमकले, तर पुन्हा त्या चकतीपासून सुरुवात करा.