एमराल्ड ट्री बोआचं पिल्लू काठीसकट उचला

एमराल्ड ट्री बोआ या झाडावर राहणाऱ्या सापाचं नवजात, तांबडं, बोटाएवढं नाजूक पिल्लू काठीवर वेटोळं घालून बसलं की सुटत नाही. ओढलं तर कण्याला इजा होऊ शकते.

म्हणून पिल्लं होण्याआधीच त्यांना ठेवायचे डबे तयार ठेवा. समोरासमोरच्या भिंतींवर वरून उघड्या खाचा असलेले आधार सिलिकॉनने चिकटवा आणि वास पूर्ण जाऊ द्या. पेन्सिलीएवढी जाड काठी त्यांत आडवी नुसती टेकवा. सगळ्या डब्यांत खाचांचं अंतर अगदी सारखं हवं, खरी सोय त्यातच आहे. सफाईच्या दिवशी काठी पिल्लासकट उचलून दुसऱ्या डब्यात ठेवा. ते वेटोळंही सोडत नाही.

खाल्ल्यावर मात्र ४-५ दिवस काठी हलवू नका. हा साप गिळलेलं चटकन ओकतो, आणि ओकलेलं पिल्लू सावरणं फार कठीण.