‘बिकॉज’ने सुरू केलेलं वाक्य अर्धवट राहतंय का, कसं ओळखायचं

ऑफिसच्या मेलमध्ये आपण पटकन लिहितो, ‘बिकॉज द ट्रेन वॉज लेट.’ आणि फुलस्टॉप. आता हेच मराठीत बोलून बघा, ‘कारण ट्रेन लेट होती’, समोरचा लगेच विचारणार, बरं मग काय झालं? असा प्रश्न उरला की समजायचं हा डिपेंडंट क्लॉज आहे, म्हणजे दुसऱ्यावर अवलंबून असलेला वाक्याचा तुकडा, त्याला सोबत लागतेच. ‘आय रीच्ड दादर ॲट टेन’ म्हटलं की कोणी काही विचारत नाही, तो इंडिपेंडंट, एकटा उभा राहतो.

बिकॉज, व्हेन, इफ, ऑल्दो हे शब्द सुरुवातीला लागले की चांगलं पूर्ण वाक्यही डिपेंडंट होतं. डिपेंडंट भाग आधी आला तर मधे कॉमा द्या, नंतर आला तर बहुतेक वेळा नको.

आपल्या मराठी माणसाची खरी गडबड ‘ऑल्दो’ला होते, कारण आपल्याकडे ‘जरी’ आलं की ‘तरी’ येतंच, मग हात आपोआप लिहितो ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट’. इंग्रजीत ही जोडी चालत नाही, ऑल्दो ठेवा नाहीतर बट ठेवा, दोन्ही एकत्र नको. मेल पाठवायच्या आधी एवढं एकदा बघाच.